सूत्रे पाठ आहेत, पण अर्थ लागत नाही

प्रश्न : मी गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावात राहते. चौथीपर्यंत मराठीतून आणि पाचवीपासून इंग्रजीतून शिकले. बी. ए.ला अर्थशास्त्रात चांगले गुण मिळाले म्हणून विद्यापीठात एम. ए.ला प्रवेश घेतला आणि सोबत वित्ताचे विषय निवडले. सूत्रे पाठ होतात, गणितेही सुटतात. पण त्यांतून काय सांगितले आहे ते मला मांडता येत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा मी दुसरीत होते. आमचा कर्जावर घेतलेला टिपर (खनिज वाहणारा ट्रक) होता, काकांचे गॅरेज होते आणि आत्याचे खाणीच्या रस्त्यावर चहाचे दुकान होते, तिन्ही बसले. बाबा विचारतात, "एवढे शिकतेस, तर आमचे नेमके काय चुकले ते सांग." मला सांगता आले नाही. मी विषय चुकीचा निवडला का?

उत्तर : विषय मुळीच चुकलेला नाही. बाबांनी विचारलेला प्रश्न तुमच्या अभ्यासक्रमातलाच आहे. फक्त तो मराठीत आणि स्वयंपाकघरात विचारला गेल्यामुळे तुम्हाला ओळखता आला नाही.

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात एम. ए. करताना माझीही हीच अवस्था होती. तोंडी परीक्षेत दोन रोख्यांच्या गुंतवणुकीची जोखीम मी काही मिनिटांत काढून दाखवली. परीक्षकांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "हा सहसंबंध शून्याऐवजी एक असता, म्हणजे दोन्ही रोखे नेहमी एकदमच वरखाली झाले असते, तर त्या माणसाच्या घरात काय झाले असते?" मी गप्प राहिले. त्या संध्याकाळपासून वहीच्या डाव्या पानावर गणित आणि उजव्या पानावर त्याच गणिताचा अर्थ दोन मराठी वाक्यांत लिहायचा, असा नेम मी केला. वाक्य जमले नाही तर गणित समजलेले नाही असे धरायचे, मग उत्तर कितीही अचूक असो. पहिला महिनाभर उजवी पाने बहुतेक कोरीच राहिली, हेही सांगायला हवे.

आता तुमच्या घराकडे वळू. गुंतवणूक विभागून ठेवावी हे शहाणपण जुनेच आहे. परंतु हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये ते गणितात मांडले, तेव्हा त्यांचा भर किती ठिकाणी पैसे ठेवले यापेक्षा त्या ठिकाणची मिळकत एकाच वेळी वरखाली होते का, यावर होता. १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. तुमच्या वर्गात फलकावर येणारा कोव्हेरियन्स, म्हणजे दोन मिळकती किती एकत्र हलतात याचे माप, तो हाच. टिपर, गॅरेज आणि चहाचे दुकान हे तीन धंदे तीन माणसांचे होते, म्हणून कुटुंबाला आपण सावरलेले आहोत असे वाटत असणार. पण टिपरला माल खाणीचा, गॅरेजला गिऱ्हाईक टिपरवाले आणि दुकानात चहा पिणारेही तेच. खनिजाची वाहतूक थांबली तसे तिन्ही गल्ले एकदमच रिकामे झाले. त्याच घरात कुळागर (सुपारी-नारळाची बाग) किंवा पणजीतली एखादी नोकरी असती, तर तेवढी मिळकत खाणीबरोबर बुडाली नसती. यात बाबांचा हलगर्जीपणा नव्हता, कारण खाणपट्ट्यात बहुतेक रोजगार एकाच झऱ्यावर चालत होता. पुढे खाणकाम सुरू झाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लिजांचे (खाणी चालवण्याच्या भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केल्यावर ते पुन्हा थांबले, तेव्हा हीच गोष्ट गावोगाव दुसऱ्यांदा घडली.

दुसरे कारण कर्जाचे. मिळकत फेऱ्यांवर अवलंबून आणि हप्ता मात्र ठरलेला, ही जोडी चांगल्या दिवसांत नफा वाढवते आणि वाईट दिवसांत तोटाही तितक्याच वेगाने वाढवते. शिवाय व्याज कोणत्या पद्धतीने लावले होते ते पाहा. समजा, ६०,००० रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के सरळ दराने घेतले. व्याज १४,४०० रुपये, म्हणून महिन्याचा हप्ता ३,१००. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज अखेरपर्यंत पूर्ण ६०,००० वरच लागते. त्यामुळे घटत्या शिलकीवर हिशेब केला तर खरा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. वर्तमान मूल्याचे, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढण्याचे जे सूत्र तुम्ही पाठ केले आहे, त्यानेच हा दर निघतो. हे गणित संगणकावर करण्याआधी एकदा कागदावर, महिन्यामागून महिना, चोवीस ओळींत करा. आठव्या-नवव्या ओळीपर्यंत पोचलात की मुद्दल कसे उतरते ते डोळ्यांना दिसू लागेल.

इंग्रजीचे भय बाळगू नका. आधी मराठीत विचार पक्का करून मग इंग्रजीत उतरवलेले उत्तर परीक्षेतही जास्त स्वच्छ येते, असा माझा अनुभव आहे. इकॉनोमेट्रिक्ससाठी (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासण्याच्या विषयासाठी) मात्र सांख्यिकीचा पाया वेगळा वेळ देऊन घट्ट करावा लागेल. तिथे आडवाट नाही.

येत्या रविवारी बाबांकडून टिपरच्या कर्जाचा जुना खातेउतारा मागून घ्या. पहिला हप्ता कधी थकला, त्या महिन्यात किती फेऱ्या झाल्या होत्या आणि काकांच्या गॅरेजची कमाई कधी घसरली, हे दोघांनाही समोर बसवून विचारा आणि तीन रकान्यांत लिहून काढा. तो कागद घेऊन तुमच्या प्राध्यापकांना भेटा. प्रबंधिकेसाठी विषय शोधत असाल, तर तो तिथेच सापडण्याची शक्यता मला बरीच वाटते.