काळी जमीन, तरी कर्ब कमी?

प्रश्न : आमची साडेचार एकर भारी काळी जमीन आहे. मृद आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत येणारा कार्बन) ०.३८ टक्के, म्हणजे ‘कमी’ आला. कोकणात मेहुण्याच्या तांबड्या रानात १.४ निघाला. नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? कर्ब वाढवणारं बाटलीतलं औषध घ्यावं का?
— एक शेतकरी, वैराग (ता. बार्शी)

उत्तर : अदलाबदल नाही. माती तपासण्यातच माझी उभी नोकरी सरली. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल ओतलं की फ्लास्क चटका बसेल इतका तापतो. कर्ब भरपूर असेल तर नारंगी द्रावण तिथंच हिरवट पडतं. कोकणातल्या नमुन्यांचं बहुतेकदा तसं व्हायचं. तुमच्याकडच्या काळ्या मातीचं द्रावण नारंगीच राहायचं. तुमच्या रानातली चुनखडी आम्लात फसफसते, पण तिच्यातला कर्ब या मापात येत नाही.

रंगावर जाऊ नका. बेसाल्टच्या चिकणमातीला थोडासा ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय अंश, घट्ट चिकटला तरी ती काळी दिसते. कोकणात पाऊस आणि पाला दोन्ही मुबलक. तुमच्याकडे ऊन कडक, नांगरट खोल; कडबा गोठ्यात, तुराट्या चुलीत, शेणाच्या गोवऱ्या. शेताच्या वाट्याला राहतात धसकटं आणि तुरीचा गळलेला पाला.

आता बाटली. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन आठ-नऊ लाख किलो भरतं. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर आठ-नऊशे किलो कर्ब मातीत टिकायला हवा. लिटरभर औषधात एक किलोही मावत नाही. पैसे ठेवा खिशात! शेणखतातसुद्धा निम्मं पाणी असतं, आणि उरलेल्यातला बराचसा कर्ब जिवाणू वर्षभरात हवेत सोडतात. तेव्हा एका हंगामात आकडा हलणार नाही.

हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून मातीत गाडा, असं सगळेच सांगतात. पण ताग जी ओल पितो, त्याच ओलीवर तुमची ज्वारी यायची असते, म्हणून पाणी असेल तरच. त्यापेक्षा बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, त्याचा कोवळा पाला रानात टाका. तुराट्यांचा भुगा शेणकाल्यासोबत कुजवा.

पुढचा नमुना पेरणीआधी, शेणखत टाकण्यापूर्वी काढा. झाडाखालचा आणि उकिरड्याजवळचा नको.