आधी डमी बघ

बेटा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. शेवटी 'मंग मी काय करू आते?' म्हणालीस, तेवढ्याचं उत्तर देतो. पुण्याला जाऊन डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करायचा की इथेच पीएच.डी.ला लागायचं, हा वाद तू घरी घाल. मला काळजी आहे ती तुझ्या विषयाची.

'समाजमाध्यमांचा खान्देशातील वृत्तपत्रांवर झालेला परिणाम : एक चिकित्सक अभ्यास.' हे शीर्षक तुझं नाही, तुला कोणीतरी चिकटवलंय. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जा आणि याच चालीची किती शीर्षकं सापडतात ते बघ. दोनशे विद्यार्थ्यांना गूगल फॉर्म, चार रंगीत वर्तुळं, आणि शेवटी 'बहुसंख्य प्रतिसादकांना वाटते की...' असा प्रबंध लिहून होतो, व्हायवा होते, पेढे वाटले जातात. त्यानं ना जळगावच्या एखाद्या वृत्तपत्राच्या मालकाला घाम फुटतो, ना धुळ्याच्या वाचकाला काही कळतं.

आणि त्याच मेसेजमध्ये, मधेच, जणू काही विशेष नाही अशा सुरात तू सांगितलंस की बातम्यांच्या पोर्टलवर कामाला असताना एका नव्या दवाखान्याची बातमी लिहिलीस आणि दोन दिवसांनी कळलं की त्या बातमीचं दवाखान्याला बिल गेलंय. अगं, हा तुझा विषय! तो असा वाटेत टाकून तू गूगल फॉर्मच्या मागे कुठे निघालीस?

माझं एकच म्हणणं आहे, वर्गातही तेच सांगायचो : आधी डमी बघ. बातमी नंतर वाच.

तुमच्या पिढीनं कागदाची डमी पाहिलेली नसेल म्हणून सांगतो. संध्याकाळी जाहिरात विभागातून डेस्ककडे पानांचा आराखडा येतो. कोणत्या पानावर कोणती जाहिरात, किती कॉलम, किती सेंटिमीटर, सगळं आखलेलं. मोठ्या आकाराचं पान म्हणजे आठ कॉलम, उंची साधारण ५२ सेंटिमीटर. गुणाकार कर, ४१६ कॉलम सेंटिमीटर. त्यातून जाहिराती वजा जाता जे उरेल त्यात रावेरची केळी, धडगावचा कुपोषणाचा प्रश्न, जिल्हा परिषदेची सभा आणि क्रिकेट. पहिल्या पानावर जॅकेट, म्हणजे पूर्ण पानभर जाहिरात, पडलं की त्या दिवसाची हेडलाइनसुद्धा आत सरकते. संपादकीय धोरण, निर्भीड बाणा, चौथा स्तंभ हे सगळं त्या उरलेल्या जागेत चालतं. म्हणून आधी डमी.

तुला परदेशी आधार हवा असेल तर तोही देतो, मार्गदर्शकांना दाखवायला बरा पडेल. १९४९ साली अमेरिकेतल्या एका मध्यम गावच्या दैनिकाच्या तार-संपादकानं, म्हणजे तारेनं आलेल्या बातम्या निवडणाऱ्यानं, आठवडाभर नाकारलेल्या सगळ्या तारा जपून ठेवल्या आणि प्रत्येकीवर नकाराचं कारण लिहिलं. डेव्हिड मॅनिंग व्हाइटनं त्यावर १९५० मध्ये निबंध लिहिला. 'गेटकीपर', म्हणजे कोणती बातमी आत घ्यायची ते ठरवणारा द्वारपाल, म्हणून तुम्ही जो परीक्षेपुरता पाठ करता तो हाच. त्या शेऱ्यांमध्ये 'जागा नाही' हे कारण वारंवार येतं. माझं कुतूहल नेमकं तिथून सुरू होतं. जागा नाही म्हणजे ती घेतली कोणी? किती पैशांत? आणि ते ठरलं तेव्हा उपसंपादक कुठे होता?

हाच प्रश्न घेऊन मी तरुणपणी एम.फिल.ला गेलो होतो. जाहिरात हा वाणिज्य शाखेचा विषय आहे, पत्रकारितेत तो बसत नाही, असं सांगून मला परत पाठवलं. मी संशोधन सोडलं आणि डेस्कवरून उठून सरळ जाहिरात विभागात गेलो. मित्र म्हणाले, विकला गेला. म्हणोत. डेस्कवर बसून मालकाला शिव्या देणाऱ्यांपेक्षा मला वृत्तपत्राचा कारखाना जास्त कळला, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. आरओ, म्हणजे जाहिरात छापण्याचा लेखी आदेश, कसा येतो, वसुली कशी लटकते, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सराफ बाजारातून किती पानं भरतात, जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती आल्या की त्याच बियाण्याबद्दलच्या तक्रारी कोणत्या पानावर जातात, हे सगळं मी तिथे पाहिलं. खंत एवढीच की रोजची डमी सकाळी रद्दीत जायची. ती राखून ठेवा असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि मजकडे तेव्हा संशोधक म्हणून कोणी बघतही नव्हतं. आज ती बंडलं असती तर तुझा निम्मा प्रबंध तयार होता.

आता तू म्हणशील, सर, पोर्टलला कुठली आली डमी? आहे. लपलेली आहे, म्हणून तर शोधायची. वाचकानं पान उघडलं की जाहिरातीच्या जागेचा लिलाव त्या क्षणी होतो, सेकंदाच्या आत, आणि कोणती जाहिरात बसणार ते जळगावात कोणाच्या हातात नसतं. पण किती जागा मोकळी सोडायची, बातमीचे तुकडे करून ती किती वेळा स्क्रोल करायला लावायची, शीर्षकात 'पाहा' आणि 'धक्कादायक' कधी घालायचं, हे ऑफिसातच ठरतं. तू तिथे होतीस. पडद्यावर आकड्यांचा बोर्ड लागलेला असायचा ना? कोणती बातमी कितीजण वाचताहेत ते दाखवणारा? तीच तुमची डमी. ती कोण बघायचं, कोणाला बघू देत नव्हते, आकडा पडला की कोणाला बोलावणं यायचं, ते आठवतंय तोवर वहीत लिहून काढ.

तुझे वडील तालुका प्रतिनिधी आहेत. हे सांगताना तू जरा आवाज खाली घेतलास. का? दिवाळी, वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस या पुरवण्यांना जाहिरातींचं टार्गेट तालुक्याच्या वार्ताहराला असतं; ज्या सरपंचाकडून शुभेच्छांची चौकट घ्यायची, त्याच्याच ग्रामपंचायतीची बातमी त्यानं द्यायची. मानधन नावापुरतं, कमिशनवर घर. श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला १९५५ मध्ये, त्यांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाची अधिसूचना २०११ ची, सर्वोच्च न्यायालयानं ती २०१४ मध्ये उचलून धरली. यातलं तुझ्या वडिलांपर्यंत काय पोचलं, हे त्यांनाच विचार. जेवताना नको, वही घेऊन, रीतसर. मुलगी म्हणून संकोच वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातले प्रतिनिधी घे. पण घे.

पद्धतीबद्दल थोडं. आशय विश्लेषणात, म्हणजे छापलेला मजकूर मोजून अभ्यासताना, 'रचित आठवडा' घेतात : एका आठवड्याचा सोमवार, दुसऱ्याचा मंगळवार, असं वर्षभरातून वेचत जायचं. चांगली पद्धत आहे, पण तिच्यात आखाजी निसटू शकते, पोळा निसटू शकतो, निवडणुकीचा आठवडा तर हमखास. म्हणून रचित आठवड्याशेजारी असे भरगच्च दिवस वेगळे मोज. फूटपट्टी घेऊन मोज. ई-पेपरच्या पडद्यावर अंदाज करू नकोस. सरकारी जाहिरातींसाठी माहितीचा अधिकार आहे : नगरपालिका, जिल्हा परिषद, कोणत्या दैनिकाला किती बिल दिलं ते मागता येतं. राज्याच्या जाहिरात यादीत दैनिकांचे अ, ब, क वर्ग असतात, ते जोडीला ठेव. २००९ च्या विधानसभेनंतर 'पेड न्यूज'वर एवढा गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलनं २०१० मध्ये त्यावर अहवाल काढला. आता जिल्ह्यात निवडणुकीच्या काळात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती बसते. तिनं कोणाला नोटिसा काढल्या तेही विचार. उत्तर येईल, उशिरा येईल, अर्धवट येईल. अपील कर.

निधन, गंधमुक्ती, उत्तरकार्य यांच्या छोट्या चौकटी हाही एक धागा आहे, मला फार प्रिय. एकेकाळी त्या माणसं रांगेत उभी राहून द्यायची; आता बरंचसं व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकटात भागतं. त्या पानाचं पुढे काय झालं? तिथे कोण आलं? आणि त्या चौकटी तपासणारा मुद्रितशोधक कुठे गेला? काही साखळी दैनिकांची पानं तर दुसऱ्याच शहरात लागतात. तिथल्या पोराला एरंडोल आणि धरणगावातलं अंतर ठाऊक नसतं. 'माध्यमांतील बदलतं कार्यस्थळ' असा जडशीळ शब्द तुझ्या आराखड्यात आहे, तो या रिकाम्या खुर्च्यांपाशी बसून लिहायचा असतो. खुर्ची रिकामी का झाली, ते पुन्हा डमीतच सापडेल. २०२० च्या टाळेबंदीत जाहिराती आटल्या, पानं घटली, मग माणसं. क्रम लक्षात ठेव.

सिद्धांताचं प्रकरण आधी लिहू नकोस. हे मी रागानं लिहितोय हे कळतंय मला. पण चार पोरं माझ्या डोळ्यांदेखत त्या प्रकरणातच म्हातारी झाली.

पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, नियमानंच. तेवढी तुझ्याकडे आहेत का, घरचं भागेल का, हे तू ठरव. फेलोशिप मिळेपर्यंत पोर्टलचं काम अर्धवेळ चालू ठेवलंस तरी माझी हरकत नाही, उलट आतला बोर्ड बघायला मिळेल. फक्त तिथल्या लोकांची नावं प्रबंधात येऊ देऊ नकोस, आणि कोणाचं बोलणं त्याच्या संमतीशिवाय टिपू नकोस. त्यांची नोकरी जाईल, तुझी पदवी राहील, असं व्हायला नको.

मार्गदर्शकांना मी फोन करणार नाही. ते म्हणतील, हा जाहिरातवाला मधेच कुठून आला. तूच जा. जाताना शीर्षक नेऊ नकोस, मोजलेली पानं ने. गेल्या आखाजीच्या आठवड्याचे जळगावचे तीन दैनिकांचे अंक वाचनालयात मिळतील. जाहिरात आणि मजकूर वेगळा मोजून तक्ता कर. एका पानाची बेरीज ४१६ ला जुळली नाही तर पुन्हा मोज, मग मला फोन कर. दुपारी तीननंतर, त्याआधी मी झोपलेला असतो.

तुझा,
सर