पाणी मारायचं की नाही, हे आधी ठरवा

वाचकांचे प्रश्न : रासायनिक सुरक्षा

प्रश्न : इचलकरंजीत आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे. रात्रपाळीत हायड्रोच्या अर्ध्या ड्रममधून धूर यायला लागला. कामावरच्या मुलाने बादलीभर पाणी ओतलं, तर भडकाच उडाला. आगीवर पाणी घालणं चुकीचं कसं?

उत्तर : त्या मुलाला रागावू नका. आग दिसली की कुणाचाही हात बादलीकडेच जातो, आणि त्याला वेगळं काही कुणी शिकवलेलं नसणार. पाणी चाललं असतं, पण बादलीभर नाही.

हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड रंगवताना लागणारी पावडर. त्याला जरासा ओलावा लागला की ते आतल्या आत फुटू लागतं (म्हणजे त्याचं विघटन होतं), तापतं, आणि तापल्यामुळे आणखी वेगाने फुटतं. गंधकाचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, ड्रमचा पत्रा गरम लागतो. या अवस्थेत थोडं पाणी म्हणजे आगीत तेलच. उलट पाण्याचा लोंढा सोडला, ड्रम तुडुंब भरून वाहेपर्यंत सोडला, तर उष्णता निघून जाते आणि क्रिया थांबते. अग्निशमन दलं वापरतात त्या उत्तर अमेरिकी मार्गदर्शिकेत आपोआप पेटणाऱ्या पदार्थांसाठी 135 क्रमांकाचं प्रकरण आहे. त्यात ‘पाणी वापरू नका’ असं सांगून लगेच अपवाद दिलाय : हायड्रोसल्फाइटवर भरपूर पाणी मारा.

‘हवा तोडा, झाकण आवळा, वाळू टाका’ असा सल्ला पुष्कळजण देतात. हायड्रोच्या बाबतीत तो घातक आहे. एकदा विघटन सुरू झालं की त्याला बाहेरची हवा लागत नाही. झाकण आवळलंत तर वायूचा दाब वाढून ड्रम फुटेल. होज आणि पुरेसं पाणी हाताशी नसेल तर बादल्या घेऊन धावू नका. माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला काढा, 101 ला फोन करा आणि ‘केमिकलला आग लागलीय’ एवढंच न म्हणता ‘हायड्रो, यूएन 1384’ असं स्पष्ट सांगा (यूएन नंबर म्हणजे धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक). निघणारा सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खालच्या जागेत साचतो. तळघरात किंवा खड्ड्यात कुणी उतरू नये. वाहून आलेलं पाणी अडवा, ते गटारातून पंचगंगेत जाता कामा नये.

आता हे सुरू कुठे होतं ते बघा. रंगारी ओल्या हाताने प्लॅस्टिकचा मग ड्रममध्ये घालतो, मगच्या तळाचे दोन थेंब आत राहतात, झाकण नुसतं टेकवून तो जिगरकडे, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्राकडे धावतो. काही वेळाने कोपऱ्यात धूर दिसतो. कलर किचनमध्ये, म्हणजे रंग कालवायच्या खोलीत, हायड्रोसाठी कोरडा, वेगळा मग दोरीने बांधून ठेवा. ड्रम लाकडी पॅलेटवर ठेवा, आणि पेरॉक्साइडचे कॅन त्याच्या शेजारी तर अजिबात नकोत. बऱ्याच ठिकाणी ते भिंतीला भिंत लावून ठेवलेले असतात. हे बघितलं की मला राहवत नाही.

प्रश्न : माझा मुलगा लोटे परशुरामला औषधांच्या कारखान्यात लागलाय. तिथे रॅनी निकेल वापरतात, ते हवेत पेटतं म्हणे. निकेल तर धातू ना?

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे. रॅनी निकेल हे रासायनिक क्रियेला वेग देणारं उत्प्रेरक आहे. निकेल आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळवून काढतात. मागे उरतं ते स्पंजासारखं सच्छिद्र निकेल, पोटात हायड्रोजन धरून बसलेलं. म्हणून ते पाण्याखाली ठेवतात. नव्या ऑपरेटरांना मी वाळूच्या ट्रेमध्ये फिल्टर पेपरवर त्याचा चिमूटभर ओला लगदा ठेवून दाखवायचो. पाणी उडून गेलं की काळ्या लगद्याच्या कडेने लाल ठिणग्या सरकायला लागतात. आवाज नाही, ज्वाळा नाही. मग एकदम कागद पेटतो. कारखान्यात कागदाच्या जागी मिथेनॉल या चटकन पेटणाऱ्या द्रावकाची वाफ असते, आणि खरा घात ती करते.

मुलाला एवढं विचारा : फिल्टर उघडण्याआधी नायट्रोजन देतात का? केक (फिल्टरवर साचलेला निकेलचा लगदा) ओला असतानाच काढतात का? पुसलेलं फडकं आणि हातमोजे पाण्याच्या बादलीत जातात की कचऱ्याच्या डब्यात? सांडलं तर लगेच ओलं करायचं. पेटलंच तर कोरडी वाळू अलगद पसरायची, जोराचा फवारा नको, भुकटी उडते.

कपड्यांचंही विचारा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 29 डिसेंबर 2008 रोजी शेरी सांगजी ही 23 वर्षांची संशोधन सहायक हवेत पेटणारं टर्शरी ब्युटाइल लिथियम सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि ते सांडून पेटलं. अंगात लॅब कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. सुती, आग न धरणारा कोट मिळत नसेल तर मुलाने तो मागावा, त्यात संकोच नको.

प्रश्न : हायवेवर अशा रसायनाचा टँकर उलटलेला दिसला तर आम्ही काय करावं?

उत्तर : लांब थांबा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. टँकरवरच्या पाटीचा मोबाइलने दुरूनच झूम करून फोटो घ्या, आणि 112 ला यूएन नंबर व हॅझकेम कोड (आग कशी विझवायची ते सांगणारी पाटीवरची आकडा-अक्षरांची खूण) वाचून दाखवा. कोडचा पहिला आकडा 4 असेल तर कोरडंच साधन वापरायचं असतं. शेवटी ‘ई’ असेल तर वस्ती हलवण्याचा विचार करायचा असतो. अर्धा पांढरा, अर्धा लाल चौकोन म्हणजे आपोआप पेटणारं; सोबत निळा असेल तर पाण्याशीही वैर. प्लॅस्टिक कारखान्यांत लागणारं ट्रायइथाइल ॲल्युमिनियम या दोन्हींत बसतं. टँकर पेटला असेल तर 800 मीटर मागे हटा.

पांढरा फॉस्फरसही हवेत पेटतो, पण त्याचं उलटं आहे, त्याला पाणीच आवरतं. तो कुणाच्या अंगावर उडाला तर ती जागा थंड पाण्यात बुडवा, ओल्या फडक्याने झाका, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत फडकं सुकू देऊ नका. सुकलं की तो पुन्हा पेटतो.