पाणी आलं नाही म्हणून तू चुकली नाहीस

चि. बेटा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. राजस्थानात बाडमेरच्या सोलर साईटवर भरदुपारी तू लेबरची पिकअप कोरड्या नदीपात्राच्या काठावर थांबवलीस. डोक्यावर लख्ख ऊन, लांब टेकड्यांवर काळं आभाळ आणि विजा. तासभर थांबलात, पाणी आलं नाही, अन् ठेकेदाराने सगळ्यांसमोर तुला डरपोक म्हटलं. आता विचारतेस, माझं चुकलं का?

नाही चुकलं. पाणी आलं की नाही, यावर तो निर्णय तोलायचाच नाही. वरच्या अंगाला वीज चमकतेय तोवर पात्रात उतरायचं नाही, ते ठणठणीत कोरडं असलं तरी.

तू सातपुड्याच्या पायथ्याची. वर डोंगरात पाल गावाकडे गडगडलं की खाली थेंब नसताना नाला कसा येतो, हे तुला काय सांगायचं! लोंढ्याच्या तोंडाशी तर पाणी दिसतही नाही. पाचोळा, काटक्या, लेंड्या, मळकट फेस असा ढिगारा सरकत येतो, अन् त्याच्यामागे छातीभर पाणी. तुझ्या तिकडे बाडमेरला खडकाळ उतार आणि पापुद्रा धरलेली जमीन. वळवाची जोरदार सर मुरायच्या आधीच पळते. ऑगस्ट २००६ मध्ये याच बाडमेर जिल्ह्यात कवास गाव बुडालं. वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त पाऊस दोन-तीन दिवसांत पडला, जिल्ह्यात शंभरावर माणसं गेली, आणि जमिनीखाली जिप्समचा थर असल्याने पाणी कितीतरी आठवडे हटलं नाही. ठेकेदाराला कवास आठवत नसेल तर तू आठवण करून दे.

माझ्या धाकट्या भावाच्या वऱ्हाडाचा ट्रक मी असाच नाल्यावरच्या फरशीअलीकडे अडवला होता. रोहिणीचे दिवस, डोंगरात काळंकुट्ट. मुहूर्त टळला, पाणी आलं नाही. व्याह्यांनी नावं ठेवली. भाऊ पुढे कित्येक वर्षं नीट बोलला नाही, त्याची पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळली नाहीत. ती सल आहेच. पण ट्रकमध्ये बायकापोरं होती. तसाच दिवस उद्या आला तर उद्याही अडवीन. हट्टी म्हणतात, म्हणू देत. ‘आम्ही रोज जातो, काही होत नाही’ असं सांगणारे सगळे वाचलेलेच असतात ना!

आणि ‘यापुढे पाण्याचा अंदाज घेऊन ठरवेन’ असं जे लिहिलंस, ते मला मुळीच आवडलं नाही. कसला अंदाज? फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत पिकअपही जाते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला, हे काठावरून कसं कळणार? वर वीज, तर पात्रात पाय नाही. एवढंच.

थांबायचं तेही झाडाखाली किंवा पॅनेलच्या सांगाड्याजवळ नाही. उंचावर, गाडीत, काचा वर करून. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका, आणि पात्र त्यानंतरही लगेच ओलांडू नका, वरचं पाणी उशिरा पोचतं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप टाकून घे.

जेवण वेळेवर करत जा. आणि पात्राच्या वरच्या अंगाला जी ढाणी, म्हणजे वस्ती असेल, तिथे एकदा जाऊन ये. एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याशी ओळख काढ, त्याच्या घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर घे. पाणी आधी त्यांच्या दारापुढून जातं.

तुझा,
अप्पा