आधी काम ठरव, मग क्लास

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

दादरच्या त्या क्लासचं पत्रक पाहिलं. क्लाउड, सायबर सिक्युरिटी, डेटा सायन्स, एथिकल हॅकिंग, सगळं सहा महिन्यांत, फी ८५ हजार आणि वर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. ताईला म्हणावं, हप्त्याच्या कागदावर सही करू नकोस. आधी करारातली बारीक अक्षरं वाचा. असल्या ठिकाणी हमी बहुधा मुलाखतीची असते, नोकरीची नव्हे.

कोर्सच्या आधी काम ठरव. नोकरीच्या साइटवर ऐरोली, महापे, पवई, अंधेरी टाकून फ्रेशरच्या वीसेक जाहिराती काढ आणि कुठलं नाव परत परत येतंय ते लिहून ठेव. नेटवर्कच्या जागांना सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्कचं सर्टिफिकेट) दिसेल, सर्व्हरच्या जागांना लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, क्लाउड सपोर्टला अ‍ॅमेझॉनचं एडब्ल्यूएस नाहीतर मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅझ्युअर. डेव्हलपरला मात्र सर्टिफिकेट फारसं कुणी विचारत नाही, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) काय ठेवलंयस ते बघतात. ताई म्हणते तसं एमएस-सीआयटी तुझ्याकडे आहे, पण ते सरकारी अर्जाला लागतं, इथे नाही.

तुला नेटवर्कमध्ये रस आहे, तर सीसीएनए कर. २०२० पासून त्याची एकच परीक्षा आहे, १२० मिनिटांची. फी ३०० डॉलर, वर कर. म्हणजे नापास होणं परवडणारं नाही. ए प्लस हे हार्डवेअर-सपोर्टचं प्राथमिक सर्टिफिकेट. त्याच्या दोन परीक्षा, दोन्हींची फी वेगळी. अभ्यासक्रम चांगला आहे, तो जरूर वाच, पण बी.एस्सी. आयटी झालेल्या मुलीने तिथे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. सायबर सिक्युरिटीच्या सीआयएसएसपी सर्टिफिकेटचं नाव कुणी काढलं तर सरळ उठून ये. त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो.

आणि डम्प्स, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं, पाठ करू नकोस. आमच्याकडे मुलाखतीला आलेल्यांना मी हमखास विचारते: लॅपटॉपला नेटवर्कवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालाय, काय झालं असेल? डम्प्सवाली मुलं डीएचसीपीची (मशीनना आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेची) व्याख्या घडाघडा म्हणतात आणि गप्प होतात. सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही, म्हणून मशीनने स्वतःच पत्ता लावून घेतला, हे सांगणारे थोडे. त्यातही एखादी म्हणते, ‘आधी शेजारच्या मशीनला पत्ता मिळालाय का ते बघीन.’ शेजारच्या मशीनला मिळाला असेल तर केबल, पोर्ट, व्हीलॅन (नेटवर्कचे आतले वेगळे भाग) तपासायचं. कुणालाच मिळाला नसेल तर सर्व्हरकडे जायचं. अशी मुलगी मला टीममध्ये हवी असते, तिच्याकडे सर्टिफिकेट असो वा नसो.

हे घरबसल्या करता येतं. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच लुटुपुटीचं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यात सर्व्हरची डीएचसीपी सेवा बंद कर आणि पीसीला नव्याने पत्ता मागायला लाव, हाच आकडा डोळ्यांसमोर येईल. लिनक्ससाठी लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप घे, १६ जीबी रॅमचा, आणि व्हर्च्युअलबॉक्स टाक, म्हणजे त्याच लॅपटॉपच्या आत लिनक्सचं वेगळं मशीन चालवता येईल. दुकानदाराला बॅटरी आणि चार्जर तिथेच लावून दाखवायला सांग. आयआयटींच्या एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स शिकायला फुकट, फी फक्त परीक्षेची. वर्गात बसूनच शिकायचं असेल तर जुहूच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी डिप्लोमा बघ. त्याला आधी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि दिवसभर तिथेच अडकायला होतं.

सीसीएनए काय, एडब्ल्यूएस काय, तीन वर्षांनी मुदत संपते. तेव्हा नोकरीआधीच तीन-तीन गोळा करून ठेवण्यात अर्थ नाही. रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. ती नोकरीला लागल्यावर दे. बऱ्याच कंपन्या पास झालेल्यांना परीक्षेची फी परत देतात. ऑफर लेटर आलं की पगाराबरोबर हेही एचआरला विचार, आणि रात्रपाळीला घरापर्यंत गाडी मिळते का तेही.

तुझी मावशी