डेटाबेसच्या लोकेलमुळे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमुळे) मजकुराची तुलना खरंच बदलते का? नवीन डेटाबेसला कोणतं लोकेल ठेवावं?

बदलते. लोकेलला हात न लावताही बदलते, माझं दुखणं तेच आहे.

आमचा पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर डेबियन लिनक्स ९ वरून १० वर न्यायचा होता. नव्या मशीनवर स्टँडबाय (सर्व्हरची चालती प्रत) उभा केला, डेटा जुळल्यावर त्यालाच प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर केलं. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, लोकेल तेच. तिसऱ्या दिवशी तक्रार: ग्राहकाचा कोड टाकला की 'सापडत नाही'. इंडेक्स स्कॅन (क्रमाने लावलेल्या सूचीतून शोध) बंद करून तीच क्वेरी चालवली, तर ओळ हजर! पुढे बघतो तर युनिक इंडेक्स (दुहेरी नोंद रोखणारा) असूनही एकाच कोडच्या दोन-दोन ओळी.

झालं असं, की मजकुराचा क्रम पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतो, आणि २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने तो क्रमच बदलला. आधी '११' मग '१-१' यायचं, आता उलट. आमच्या कोडांत डॅश होतेच. दोन मजकूर सारखे (=) आहेत का, याचं उत्तर तेच राहतं; पण इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने, म्हणजे तो भलत्याच फांदीत उतरणार. डंप घेऊन रिस्टोअर केलं असतं तर इंडेक्स नव्याने बांधले गेले असते. स्टँडबायने जुन्या फायली जशाच्या तशा आणल्या.

रीइंडेक्स करून घेऊ, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधू, असं मी आधीच म्हटलं होतं. सीनियर म्हणाले, "लोकेल तारखा आणि चलनापुरतं असतं, उगाच डाउनटाइम कशाला?" दुहेरी ओळी काढल्याशिवाय युनिक इंडेक्स परत बांधता येत नाही. त्या काढण्यात दोन रात्री गेल्या, माझ्या.

त्यामुळे माझं मत: लोकेल सरळ 'सी' ठेवा, म्हणजे नुसता बाइटचा क्रम. बाइटचा क्रम कुठल्याही अपडेटने हलत नाही, आणि 'अमुक%' अशा लाइकलाही (सुरुवात जुळवणाऱ्या शोधालाही) साधा इंडेक्स चालतो. माणसाला यादी दाखवायची तेवढ्या क्वेरीच्या ऑर्डर बायमध्ये कोलेट लिहून भाषेचा क्रम मागा. "यादी वेडीवाकडी दिसेल" हाही सीनियरांचाच मुद्दा. दिसू दे की, दिसली तर त्याच दिवशी कळेल.

हां, 'सी'मध्ये इंग्रजी मोठी अक्षरं सगळी आधी येतात आणि लोअर() उच्चारखुणांच्या अक्षरांना हात लावत नाही. पोस्टग्रेसची आवृत्ती १७ किंवा पुढची असेल तर बिल्टइन सी.यूटीएफ-८ घ्या, लोअरचं तरी भागतं. मायएसक्यूएलवर असाल तर यातलं बरंच लागू नाही, तिथे ८.० च्या डिफॉल्ट कोलेशनमध्ये (तुलनेच्या नियमांत) लहान-मोठी अक्षरं =लाही सारखीच.

आणि जुना डेटाबेस नव्या ओएसवर नेणार असाल तर ॲमचेक (इंडेक्स तपासणारं पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन) चालवा, मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा. वरचे नको म्हणाले तर ते ईमेलवर घ्या. मी तोंडी ऐकून गप्प बसलो होतो.