फोन आला, आता शिकवणार कोण? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मुलीने आयफोन घेऊन दिला आहे. कोरेगाव पार्कच्या ॲपल दुकानात फोन वापरायला फुकट शिकवतात असं ऐकलं. खरं आहे का? काही विकत घ्यावं लागतं का? – एक निवृत्त वाचक, कोथरूड

खरं आहे. या वर्गांना ‘टुडे ॲट ॲपल’ म्हणतात. फी नाही, खरेदीची अट नाही, आणि फोन त्याच दुकानातून घेतलेला असण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातलं कंपनीचं पहिलं स्वतःचं दुकान मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 18 एप्रिल 2023 रोजी उघडलं, कोरेगाव पार्कचं सप्टेंबर 2025 मध्ये. दोन्हीकडे हे वर्ग होतात.

मात्र ही खासगी शिकवणी नव्हे. पूर्वी अमेरिकेत याच कंपनीची ‘वन टू वन’ नावाची योजना होती. 2007 मध्ये सुरू झाली, वर्षाला 99 डॉलर भरायचे आणि एका शिक्षकासोबत एकट्याने बसून शिकायचं. 2015 मध्ये ती बंद केली आणि 2017 पासून आजचे मोफत, पण गटाचे वर्ग आले. म्हणजे टेबलाभोवती आणखी चारपाच जण असणार, विषय आधी ठरलेला असणार, आणि तुमच्या घरगुती अडचणीला शेवटची काही मिनिटं मिळाली तर मिळाली. वर्ग साधारण अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत चालतो.

नाव नोंदवायला ‘ॲपल स्टोअर’ हे ॲप किंवा कंपनीचं संकेतस्थळ वापरा. ॲप उतरवून घ्यायचं ‘ॲप स्टोअर’ वेगळं, दुकानाचं ‘ॲपल स्टोअर’ वेगळं. गोंधळ इथूनच सुरू होतो. दुकान निवडा, तारीख निवडा, आपल्या ॲपल खात्याने साइन इन करा, की ईमेलवर पावती येते. पहिला वर्ग फोनच्या ओळखीचाच घ्या. फोटोग्राफीची फेरी किंवा चित्रकलेचा वर्ग मोहात पाडतो, पण कंट्रोल सेंटर (वायफाय, प्रकाश, आवाजाची बटणं असलेला पडदा) कुठून ओढायचं हेच माहीत नसेल तर तिथे नुसती धावपळ होईल. मराठीत समजावून हवं असेल तर दुकानात आधी विचारून ठेवा. तिथले कर्मचारी अनेक भाषा बोलतात, पण प्रत्येक वर्गाला मराठी बोलणाराच असेल असं गृहीत धरू नका.

आयओएस (आयफोनची मूळ प्रणाली) 18.4 पासून अख्खा फोन मराठीत करता येतो (सेटिंग्ज, जनरल, लँग्वेज अँड रिजन). तरीही वर्गाला जाताना तो इंग्रजीतच ठेवा. समोरच्या मोठ्या पडद्यावर इंग्रजी मेनू असतो; तो एक नाव सांगणार आणि तुमच्या फोनवर दुसरंच दिसणार. मराठी घरी आल्यावर करा.

नाशिकहून मुंबईला खास वर्गासाठी जाणार आहे. फेरी वाया जाऊ नये म्हणून काय तयारी करावी? – वाचक, नाशिक

वर्ग वाया जातो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने : ॲपल खात्याचा पासवर्ड आठवत नाही. फोन दुकानदाराने किंवा भाच्याने चालू करून दिलेला असतो, खातं त्याच्याच ईमेलवर असतं, आणि ओटीपी तिसऱ्याच नंबरवर जातो. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टिचकी मारा आणि तिथला ईमेल आपलाच आहे ना ते बघा. मग ‘साइन-इन अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन ‘ट्रस्टेड फोन नंबर’ तपासा. जुनं, बंद झालेलं सिम तिथे असेल तर आधी नवा नंबर घाला, मगच जुना काढा.

पासवर्ड विसरला असेल तर तो तिथेच ‘चेंज पासवर्ड’ने बदलता येतो. फोन खात्याला जोडलेला असेल तर जुना पासवर्ड विचारला जात नाही, फोन उघडायचा पासकोड पुरतो. पण हे काम घरीच उरका. ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ ही चोरीपासून संरक्षणाची सुविधा चालू असेल तर घरासारख्या ओळखीच्या जागेपासून दूर असताना पासवर्ड किंवा पासकोड बदलायला चेहऱ्याची किंवा बोटाची ओळख लागते, मग एक तास थांबावं लागतं आणि पुन्हा ओळख द्यावी लागते. चोरासाठी ठेवलेला हा तास दुकानात बसलेल्या मालकालाही भोगावा लागतो, आणि तेवढ्यात वर्ग संपतो. ही सुविधा दुकानात पोहोचल्यावर बंद करू म्हटलं तरी तोच तास आडवा येतो.

आयओएसचं अपडेटही घरच्या वायफायवर, चार्जर लावून, आदल्या रात्री करा. त्याआधी बॅकअप, म्हणजे फोनमधल्या माहितीची प्रत ॲपलच्या ‘आयक्लाउड’ या ऑनलाइन साठ्यात : सेटिंग्जमध्ये आपलं नाव, आयक्लाउड, आयक्लाउड बॅकअप, बॅक अप नाऊ. खाली शेवटच्या यशस्वी बॅकअपची तारीख दिसते ती वाचा. ती सहा महिन्यांपूर्वीची असेल तर बहुधा फुकटची 5 जीबी जागा भरली आहे. मग जागा मोकळी करा किंवा महिन्याच्या भाड्याने वाढवून घ्या.

चार्ज केलेला फोन, पासकोड लक्षात आणि कागदावर लिहिलेले तीन प्रश्न एवढं पुरे. ‘सगळंच शिकायचंय’ हा प्रश्न नव्हे. ‘व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ ‘फाइल्स’ ॲपमध्ये ठेवून पुन्हा कशी शोधायची’ हा प्रश्न झाला. वर्गात सरावाला दुकानाचा आयपॅड मिळाला तर त्यावर केलेलं काम उठण्याआधी एअरड्रॉपने (ॲपलच्या दोन उपकरणांत बिनतारी पाठवायची सोय) आपल्या फोनवर घ्या, नाहीतर ते तिथेच राहील. आणि पासवर्ड, पासकोड, ओटीपी स्वतःच्या बोटांनी टाइप करा. शिकवणारा कितीही सज्जन असो, सांगायचा नाही. यूपीआयचा सराव तर अशा टेबलावर करूच नका.

नव्या आयफोनवर अँड्रॉइडमधले व्हॉट्सॲपचे संदेश आले नाहीत. गूगल ड्राइव्हवर बॅकअप आहे. वर्गात हे करून देतील का? – वाचक, ठाणे

गूगल ड्राइव्हवरचा तो बॅकअप आयफोन वाचत नाही. अडचण तुमच्या चुकीची नाही, आयफोनवरचं व्हॉट्सॲप फक्त आयक्लाउडमधला बॅकअप उचलतं. ॲपलने आखून दिलेला मार्ग म्हणजे अँड्रॉइडवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप, आणि हा मार्ग आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच चालतो. तुम्ही फोन आधीच वापरायला घेतला असेल तर तो पुसून कोरा करावा लागेल : सेटिंग्ज, जनरल, सर्वात खाली ‘ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन’. पुसण्याआधी आयफोनवर काढलेले फोटो वाचवून ठेवा. या काही दिवसांत आयफोनच्या व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं मात्र जाईल, जुनं आणि नवं एकत्र जोडता येत नाही.

पुढचं असं. अँड्रॉइड 5 किंवा त्यापुढचं, आयओएस 15.5 किंवा त्यापुढचं, दोन्हीकडे नंबर तोच, दोन्ही फोन चार्जरला. आयफोन सुरू करताना ‘ट्रान्सफर युअर ॲप्स अँड डेटा’ या पडद्यावर ‘फ्रॉम अँड्रॉइड’ निवडा. आयफोनवर आकडे येतील ते अँड्रॉइडवर घाला. यादीत व्हॉट्सॲपवर खूण करा. अँड्रॉइडचं व्हॉट्सॲप आपोआप उघडेल, तिथे ‘स्टार्ट’ दाबून संदेश बांधून होईपर्यंत थांबा, मग ‘नेक्स्ट’. हस्तांतर संपलं की आयफोनवर व्हॉट्सॲप घ्या, तोच नंबर घाला आणि विचारल्यावर ‘स्टार्ट’ म्हणा. कॉलची यादी आणि तुमचं दिसणारं नाव येत नाही. सगळं आलं याची खात्री होईपर्यंत अँड्रॉइडवरून काही पुसू नका.

मध्येच तुटतं ते बहुधा अँड्रॉइडमुळे. दोन फोन आपसात तात्पुरतं वायफाय तयार करतात, त्यावर इंटरनेट नसतं, म्हणून अँड्रॉइड ते ‘निकामी’ समजून मोबाइल डेटावर उडी मारतो. म्हणून सुरुवातीलाच मोबाइल डेटा बंद करा. कोणी फोन केला किंवा तुम्ही दुसरं ॲप उघडलं तरी काम थांबतं. व्हॉट्सॲपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मधून सुप्रभाताचे व्हिडिओ आधीच काढून टाका, वेळ निम्मा होऊ शकतो.

वर्गात हे होत नाही. कंपनीच्याच दुकानातून फोन घेतलात तर फोन सुरू करून देण्याची वेगळी मदत मिळते, ती खरेदीच्या वेळीच मागा. पण खूप वर्षांचे संदेश असतील तर काही तास लागू शकतात, तेव्हा रविवारची दुपार घरीच काढलेली बरी.

फोनची काच तडकली आहे. वर्गाला गेल्यावर तिथेच दाखवली तर? – वाचक, विलेपार्ले

नाही. दुरुस्तीचं काम दुकानातल्या ‘जीनियस बार’ या वेगळ्या कक्षाचं, तिची वेळ वेगळी घ्यावी लागते. दोन्ही एकाच दिवशी हवं असेल तर दुरुस्ती वर्गानंतरची घ्या, उलट केलंत तर फोन आत आणि तुम्ही वर्गात रिकाम्या हाताने.

मी न्यू जर्सीत, आईबाबा रत्नागिरीत. जवळ असं दुकान नाही. इथून शिकवता येईल का? – वाचक, एडिसन

येईल, आणि गटाच्या वर्गापेक्षा बरं येईल, कारण फोन त्यांचाच असेल आणि शिकवणारं माणूस एकट्या त्यांचंच. दोघांकडे आयओएस 18 किंवा पुढचं असलं की फेसटाइम (ॲपलचा व्हिडिओ कॉल) कॉलवर त्यांनी ‘शेअर स्क्रीन’ दाबायचं. त्यांचा पडदा तुम्हाला दिसतो आणि तुम्ही त्यावर बोटाने रेघ ओढून ‘इथे दाबा’ असं दाखवू शकता. बटण कुठे हे बोलून सांगण्यात जी चिडचिड होते ती वाचते. बँकेची ॲप तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा. तुमची त्यांची वेळ साडेनऊ किंवा साडेदहा तासांनी पुढेमागे, तेव्हा तुमची सकाळ आणि त्यांची संध्याकाळ जमते.

पहिल्या दिवशी स्वतःला त्यांचा ‘रिकव्हरी काँटॅक्ट’ करून घ्या (नाव, साइन-इन अँड सिक्युरिटी). पुढे पासवर्ड विसरले तर तुमच्या फोनवरून त्यांना कोड सांगता येतो. नाहीतर खातं परत मिळवायला कंपनी कित्येक दिवस थांबवू शकते. अक्षरं बारीक वाटत असतील तर सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘लार्जर टेक्स्ट’ लावा. फोनच अवघड जात असेल तर आयओएस 17 पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आहे : पडद्यावर निवडक ॲप, मोठी चित्रं, बाकी काही नाही. एक मात्र बघा, असिस्टिव्ह ॲक्सेस बंद करायचा पासकोड वेगळा ठेवता येतो. ठेवलात तर तो तुमच्याकडेही लिहून ठेवा.